तारखांची तुलना: प्रोग्रॅममध्ये ‘वर्ष’ नक्की कुणाचं धरायचं?

मखमलाबादकर:
नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस काढायचा होता, आज सविस्तरच लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्या भागातल्या काही द्राक्ष बागायतदारांच्या गटासाठी एक छोटा प्रोग्रॅम सध्या माझ्याकडे सांभाळायला आहे. प्लॉटवार नोंदी असतात, गोडी छाटणी (फळासाठीची) कधी झाली, कुठली फवारणी कधी मारली, खुडा कधी, माल कुठल्या पॅकहाऊसला गेला वगैरे. मूळ प्रोग्रॅम आधी कोणीतरी लिहून गेलेला. तर यातली खरी गोम अशी की आपला द्राक्षाचा हंगाम वर्षाच्या मधे नाही तर बरोब्बर वर्षाच्या सांध्यावर बसलाय. छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि खुडा जानेवारी ते एप्रिल, म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्लॉटची नोंद ३१ डिसेंबर ओलांडते, आणि तारखांची तुलना जिथं कच्ची आहे ती नेमकी तिथंच उघडी पडते.

एका प्लॉटचं उदाहरण घ्या. छाटणी १२ ऑक्टोबर २०२३, खुडा २० फेब्रुवारी २०२४. छाटणीपासून कितवा दिवस? उत्तर १३१. प्रोग्रॅममध्ये काय केलेलं, तर महिना वजा महिना, त्याला ३० ने गुणायचं आणि वर दिवसांचा फरक मिळवायचा. २ वजा १० म्हणजे उणे ८, म्हणजे उणे २४०, अधिक ८, उत्तर उणे २३२. उणे आलं की निदान डोळ्याला खटकतं तरी. पण दुसरी जागा जास्त घातक आहे. फवारणी २० डिसेंबर २०२३ ला, औषधाचा पीएचआय (फवारणीनंतर खुड्याआधी सोडायचे किमान दिवस) समजा ३० दिवस, म्हणजे खुडा १९ जानेवारी २०२४ च्या आधी करायचा नाही. प्रोग्रॅम आधी फक्त वर्ष बघायचा, २०२४ हे २०२३ पेक्षा मोठं आहे ना, मग झालं, हिरवी टिक. १ जानेवारीला हिरवी टिक, जेव्हा फवारणीला फक्त १२ दिवस झालेत! युरोपला जाणाऱ्या मालात औषधाचा अंश मर्यादेच्या वर निघाला तर काय होतं ते इथल्या बागायतदारांना सांगायला नको, वर्षभराची मेहनत एका रिपोर्टवर अडते. म्हणून मला हा विषय किरकोळ वाटत नाही.

तर प्रश्न असे, तारीख साठवायची कशी, दोन तारखा ताडायच्या कशा, आणि ‘वर्ष’ असा वेगळा कॉलम ठेवावा की ठेवूच नये?

सातपूरकर:
चांगला धागा. मी आधी एक गोष्ट सुटी करतो, कारण तुमच्या दोन्ही उदाहरणांत दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. ‘कुठली तारीख आधीची’ हा एक प्रश्न आणि ‘मधे किती काळ गेला’ हा दुसरा. पहिल्यासाठी आधी वर्ष बघणं अगदी बरोबर आहे, वर्ष वेगळं असेल तर तिथंच निकाल, सारखं असेल तर महिना, तोही सारखा असेल तर दिवस. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत (२०२३, १२, २०) आणि (२०२४, १, १) असे दोन टपल (क्रमाने ठेवलेले आकडे) लेस-दॅनने, म्हणजे ‘पेक्षा लहान’च्या खुणेने, ताडले तर तो नेमकं हेच करतो, डावीकडून एकेक आकडा बघत जातो. पण ‘किती’ या प्रश्नाला वर्षाचा आकडा काहीच सांगत नाही. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी यांची वर्षं वेगळी पण अंतर एका दिवसाचं, उलट १ जानेवारी आणि ३१ डिसेंबर एकाच वर्षातले पण अंतर वर्षभराचं.

आणि हे फक्त हाताने लिहिलेल्या कोडमध्येच होतं असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये डेटडिफ नावाचं फंक्शन आहे, त्याला ‘वर्ष’ असं युनिट देऊन ३१ डिसेंबर २०२३ आणि १ जानेवारी २०२४ मधला फरक विचारा, उत्तर १ येतं. कारण तो किती वर्षं पूर्ण झाली ते मोजत नाही, वर्षाची हद्द किती वेळा ओलांडली ते मोजतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं टाइमस्टॅम्पडिफ मात्र पूर्ण झालेली वर्षं मोजतं, तिथं शून्य येईल. नावं इतकी सारखी की माणूस डॉक्युमेंटेशन न वाचता एकाच्या जागी दुसरं धरून चालतो.

गोदाकाठ:
एवढं कशाला, मी तर वर्षानुवर्षं तारीख सरळ आठ आकडी नंबर म्हणून ठेवतो, वर्ष-महिना-दिवस चिकटवून. २० डिसेंबर २०२३ म्हणजे २०२३१२२०. लहान-मोठं लगेच कळतं, सॉर्ट पटकन होतो, कुठल्याही भाषेत चालतं, लायब्ररी (तयार कोड) लागत नाही.

सातपूरकर:
गोदाकाठ, सॉर्टसाठी उत्तम, पहिल्या प्रश्नाला पूर्ण उत्तर आहे ते. पण कोणीतरी नंतर त्याच नंबरांची वजाबाकी करतंच. २०२४०३०१ वजा २०२४०२२९ किती? ७२. खरं उत्तर १ दिवस. नंबर दिसला की पुढच्या माणसाला वाटतं वजाबाकी चालते. शिवाय २०२४०२३१ म्हणजे ३१ फेब्रुवारी, हाही एक छान नंबर आहे, डेटाबेस मुकाट्याने घेईल. डेट टाइपचा (फक्त तारखेसाठीचा) कॉलम असेल तर स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे कडक तपासणी चालू असताना, दारातच अडवेल.

गोदाकाठ:
मान्य, वजाबाकीचा मुद्दा बरोबर आहे. माझ्याकडे फक्त सॉर्ट असतो म्हणून कधी अडलं नाही.

ताळेबंद:
मी प्रोग्रॅमर नाही, अकाउंट्सचं काम करते, कॉलेज रोडला ऑफिस आहे, पण या विषयाशी रोज संबंध येतो म्हणून लिहिते. क्लायंटकडून एक्सेल येते, तारखेचा कॉलम सॉर्ट केला की निम्म्या तारखा वर जाऊन बसतात आणि निम्म्या खाली. मी नवीन मुलींना पहिल्यांदा हेच दाखवते की कॉलम रुंद करा, अलाइनमेंट काढून टाका आणि बघा कुठली तारीख उजवीकडे चिकटली आणि कुठली डावीकडे. उजवीकडची खरी तारीख, म्हणजे आतून नंबर. डावीकडची म्हणजे नुसता मजकूर. होतं असं की कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असते, महिना आधी. ०५/०१/२०२४ हे आपण ५ जानेवारी म्हणून टाकलेलं, तो १ मे समजून आत घेतो, आणि २८/१२/२०२३ मध्ये अठ्ठाविसावा महिना त्याला सापडत नाही म्हणून तो तसाच मजकूर सोडतो. म्हणजे १२ तारखेपर्यंतच्या नोंदी चुकीच्या महिन्यात आणि १३ पासूनच्या मजकुरात. चढत्या क्रमाने सॉर्ट केलं की नंबर वर आणि मजकूर खाली. आणि यातल्या मजकुरापेक्षा त्या उजवीकडच्या तारखांची जास्त भीती, कारण त्या बरोबर दिसतात.

बाकी एक्सेल आतून १ जानेवारी १९०० ला १ धरून पुढे दिवस मोजत जाते. १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३. सेलचा फॉरमॅट नंबर केला की दिसतं. हे एकदा बघितलं की वजाबाकी का चालते ते आपोआप समजतं.

सातपूरकर:
ताई, अगदी मोलाचं लिहिलंत. तुमच्या त्या मोजणीत एक दिवस जास्तीचा आहे हे सांगायला हवं. एक्सेलला वाटतं १९०० हे लीप वर्ष होतं, ६० नंबर टाका, २९ फेब्रुवारी १९०० दाखवेल. असा दिवस झालाच नाही, शतकाचं वर्ष ४०० ने भागलं गेलं तरच लीप, म्हणून २००० लीप आणि १९०० नाही. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीटमध्ये ही गडबड होती आणि त्याच्या फाइल चालाव्यात म्हणून एक्सेलने ती मुद्दाम तशीच ठेवली. मार्च १९०० नंतरच्या दोन तारखांची एक्सेलमध्येच वजाबाकी केली तर काही फरक पडत नाही, पण कोणी १ जानेवारी १९०० पासून स्वतः दिवस मोजून एक्सेलच्या नंबराशी जुळवायला गेलं की एकाचा फरक राहतोच.

सय्यदपिंप्री_डेव्ह:
मी मजकुराच्या बाजूने बोलतो जरा. मजकूर म्हणून तारीख ठेवणं वाईटच असं नाही, क्रम महत्त्वाचा. दिवस-महिना-वर्ष असं लिहिलं तर ‘०५-०१-२०२४’ हे ‘२८-१२-२०२३’ च्या आधी लागणार, कारण कॉम्प्युटर पहिलं अक्षर बघतो, ० आणि २. वर्ष-महिना-दिवस असं लिहा, ‘२०२३-१२-२८’ आणि ‘२०२४-०१-०५’, आता अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच झाला. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने हेच ठरवून दिलंय, पहिली आवृत्ती १९८८ ची. फक्त महिना आणि दिवस दोन आकडीच हवेत, ‘२०२४-१-५’ लिहिलं की सगळं बिघडलं, कारण मग ऑक्टोबर म्हणजे ‘१०’ हा ‘२’ च्या आधी येतो. एपीआयमधून (दोन प्रोग्रॅममधली देवाणघेवाण), फाइलच्या नावात, बॅकअपच्या फोल्डरला मी हाच फॉरमॅट वापरतो. डेटाबेसमध्ये मात्र डेट टाइप, तिथं मजकूर नको.

निफाडलाइन:
इथे आमच्याकडची एक गोष्ट घालतो, मराठी लोकांनाच लागणारी आहे म्हणून. गावाकडून येणाऱ्या शीटमध्ये काही नोंदी इंग्रजी आकड्यांत असतात आणि काही मराठी आकड्यांत, कीबोर्ड ज्याचा जसा. दिसायला आपल्याला दोन्ही तारखाच. पण युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत) मराठी आकड्यांची जागा इंग्रजी आकड्यांच्या बरीच पुढे आहे, त्यामुळे मजकूर म्हणून ताडलं तर मराठी आकड्यांतलं १९५० हे इंग्रजी आकड्यांतल्या २०२४ पेक्षा मोठं ठरतं. सॉर्ट केलं की सगळी मराठी वर्षं इंग्रजी वर्षांच्या खाली जाऊन बसतात. पायथॉनचं इंट फंक्शन मराठी आकडे नीट घेतं, मराठीत लिहिलेलं वर्ष सरळ संख्येत बदलतं. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन घेत नाही, ‘संख्या नाही’ असं उत्तर देतं, आणि त्या ‘संख्या नाही’शी केलेली कुठलीही लहान-मोठी तुलना खोटीच येते, एरर येत नाही, नुसती नोंद गाळली जाते. म्हणून डेटा आत घेतानाच आकडे एका लिपीत आणायचे, मग पुढचं.

मखमलाबादकर:
निफाडलाइन, हे मला नवीन आहे आणि आमच्याकडच्या डेटात नक्की असणार, कारण अर्ध्या नोंदी मोबाइलवरून येतात. आजच बघतो. सातपूरकर, ‘आधी कुठली’ आणि ‘किती’ हे वेगळं केल्यावर माझ्या निम्म्या जागा सुटल्या, पीएचआयवाल्या तपासणीत आता फवारणीच्या तारखेत दिवस मिळवतो आणि जी तारीख येईल तिच्याशी खुड्याची तारीख ताडतो, वर्षाला हातच लावत नाही.

आता उरला ‘वर्ष’ कॉलम. गटातले लोक ‘तेवीस-चोवीसचा हंगाम’ म्हणतात, त्यांना अहवाल तसाच हवा.

ताळेबंद:
आमच्या आर्थिक वर्षाचंही हेच आहे. १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि १५ फेब्रुवारी २०२४ चं बिल २०२३-२४ मध्ये पडतं. यासाठी तारखेतून तीन महिने मागे जायचं आणि मग वर्ष काढायचं, एप्रिलचा जानेवारी होतो, मार्चचा मागच्या वर्षीचा डिसेंबर. जे वर्ष निघेल ते आर्थिक वर्षाचं सुरुवातीचं वर्ष. एक्सेलमध्ये ईडेटला उणे ३ द्या आणि त्यावर इयर लावा. वर्ष असा हाताने भरलेला कॉलम मी कुणाच्याच शीटमध्ये ठेवू देत नाही, कारण जानेवारी ते मार्चमध्ये कोणीतरी कॅलेंडर वर्ष टाकतं, कोणीतरी आर्थिक, आणि एप्रिलमध्ये दोन्ही एकच दिसत असल्याने कुणाला शंकाही येत नाही.

सातपूरकर:
ताईंशी पूर्ण सहमत. वर्ष ही साठवायची गोष्ट नाही, तारखेतून काढायची गोष्ट आहे, आणि काढताना कुणाचं वर्ष ते फंक्शनच्या नावातच यायला हवं, ‘आर्थिक वर्ष’, ‘हंगाम वर्ष’, ‘कॅलेंडर वर्ष’. नुसतं ‘वर्ष’ नावाचं व्हेरिएबल दिसलं की मी थांबून विचारतो.

आणि या यादीत एक चौथं वर्ष आहे जे न बोलावता येतं. जावा या भाषेत तारीख छापताना वर्षासाठी स्मॉल वाय चार वेळा लिहायचा असतो. कोणी कॅपिटल वाय लिहिला तर ते आठवड्याचं वर्ष, म्हणजे हा दिवस ज्या आठवड्यात आहे तो आठवडा कुठल्या वर्षाचा धरलाय ते. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार होता, त्या आठवड्यात १ जानेवारी २०२५ येतो, म्हणून कॅपिटल वायने ती तारीख ३० डिसेंबर २०२५ अशी छापली जाते. वर्षातले जवळजवळ सगळे दिवस बरोबर चालतं. आयएसओच्या हिशोबाने उलटही होतं, १ जानेवारी २०२१ हा शुक्रवार, तो २०२० च्या ५३ व्या आठवड्यात मोडतो. टेस्टिंग जूनमध्ये केलं तर हे सापडणं शक्यच नाही.

पहाटेची_पाळी:
या सगळ्यात वेळेचा मुद्दा आला नाही अजून. नाशिकला भाजीपाल्याच्या गाड्या रात्री भरतात, पहाटे मुंबईच्या रस्त्याला असतात, बिलं रात्री १ ते ४ मध्ये बनतात. क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ एप्रिलला पहाटे २ वाजता बनलेलं बिल सर्व्हरच्या हिशोबाने ३१ मार्चला रात्री साडेआठचं. सर्व्हरला ‘आजची तारीख’ विचारली तर सकाळी साडेपाचपर्यंत तो कालचीच सांगणार. इतर दिवशी एका दिवसाचा फरक कोणी बघत नाही, पण १ एप्रिलला तोच फरक आर्थिक वर्ष बदलून टाकतो.

ब्राउझरमध्ये याचा भाऊ भेटतो. शेतकऱ्याने कॅलेंडरमधून १ एप्रिल २०२४ निवडला, जावास्क्रिप्टने त्याचा आपल्याकडच्या मध्यरात्रीचा क्षण बनवला, आणि सर्व्हरला पाठवताना टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरलं की जातं काय, ‘२०२४-०३-३१’ आणि पुढे १८:३०. कोणीतरी पहिले दहा अक्षरं कापून तारीख म्हणून ठेवतं आणि तारीख एक दिवस मागे. भारतात बसून हे रोज होतं, अमेरिकेत बसलेल्या माणसाला हे दिसत नाही कारण त्याची मध्यरात्र यूटीसीत त्याच तारखेला पडते. म्हणून त्यांच्या ब्लॉगवरून उचललेला कोड आपल्याकडे तसाच्या तसा चालेल असं धरू नका.

आणि जावास्क्रिप्टमध्ये दोन डेट ऑब्जेक्ट डबल इक्वलने ताडू नका, तो ऑब्जेक्ट तोच आहे का ते बघतो, तारीख तीच आहे का ते नाही. लेस-दॅन, ग्रेटर-दॅन चालतं, समान आहे का हे बघायला गेट-टाइम घेऊन नंबर ताडा. महिना शून्यापासून, जानेवारी म्हणजे ०, हे सगळ्यांना माहीत असतं तरी लिहून ठेवतो.

मखमलाबादकर:
मग फवारणीची तारीख वेळेसकट ठेवायची की नाही?

पहाटेची_पाळी:
फवारणी, छाटणी, जन्मतारीख, हे ‘दिवस’ आहेत, ‘क्षण’ नाहीत. यांना फक्त डेट टाइप, वेळ नाही, टाइमझोन नाही. बिल बनलं, पैसे जमा झाले, लॉगिन झालं हे क्षण, ते यूटीसीत ठेवा आणि दिवस काढायची वेळ आली की आधी भारतीय वेळेत आणा, मग दिवस काढा. एक कॉलम दोन्ही कामं करायला लागला की गडबड सुरू. पायथॉन याबाबत चांगलं वागतं, डेट आणि डेटटाइम लेस-दॅनने ताडायला गेलात तर सरळ एरर देतं. समान आहे का विचारलं तर मात्र एरर नाही, नुसतं खोटं म्हणतं, तेवढं जपा.

जन्मतारीख क्षण म्हणून ठेवली तर काय होतं त्याचं एक टोक सांगतो. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ मध्ये भारतात घड्याळं एक तास पुढे होती, यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये ही नोंद आहे. त्या काळात जन्मलेल्या पेन्शनरची जन्मतारीख एका सिस्टिमने हा डेटाबेस वापरून मध्यरात्रीचा क्षण म्हणून ठेवली आणि दुसऱ्या सिस्टिमने सरसकट साडेपाच तास मिळवून वाचली, तर आदल्या दिवशीचे रात्रीचे ११ येतात. जन्मतारीख एक दिवस मागे, आणि मग दोन कागदांवर दोन तारखा म्हणून ऐंशी वर्षांच्या माणसाला खेटे. दिवस हा दिवस म्हणूनच ठेवला असता तर हे घडायलाच जागा नव्हती.

सय्यदपिंप्री_डेव्ह:
क्वेरीचं, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाचं, मी सांगतो. अहवालात बिट्वीन (‘या दोन तारखांमधलं’) लावून ‘२०२३-०४-०१’ आणि ‘२०२४-०३-३१’ दिलं आणि कॉलममध्ये वेळ असेल तर ३१ मार्च म्हणजे ३१ मार्चची मध्यरात्र धरली जाते, त्या दिवशीची सगळी बिलं बाहेर. आणि ३१ मार्चलाच सगळ्यात जास्त बिलं असतात. त्यापेक्षा कायम असं लिहा, तारीख >= ‘२०२३-०४-०१’ आणि तारीख < ‘२०२४-०४-०१’. शेवटचा दिवस २८ की ३०, रात्रीचे ११:५९ की अजून काही, याचा विचारच करायला लागत नाही. इयर फंक्शन कॉलमवर लावून व्हेअरमध्ये (क्वेरीच्या अटीत) घालू नका, साधा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) त्या कॉलमसाठी कामाला येत नाही, लाखभर ओळी असतील तर अहवाल रेंगाळतो.

गोदाकाठ:
कुंभाच्या कामाची टेंडरं निघतायत, त्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांनीही हे वाचावं. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ आणि समारोप २०२८ च्या जुलैमध्ये, म्हणजे एकच सिंहस्थ तीन कॅलेंडर वर्षांत पसरलाय. ‘वर्ष = २०२७’ असं लिहून कुंभाचा खर्च काढला तर दोन्ही बाजूंनी कापला जाणार.

पंचवटी:
गोदाकाठने कुंभ काढलाच आहे तर तिथीचं लिहितो. पूजेच्या बुकिंगचं काम करतो त्यामुळे तिथी आणि तारीख दोन्ही सांभाळायला लागतं. सुरुवातीला सगळ्यांना वाटतं की शके वर्ष, महिना क्रमांक, तिथी क्रमांक असे तीन आकडे ठेवले की वरच्या टपलसारखी तुलना होईल. होत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, म्हणजे शके १९४५ मध्ये पाचवा महिना दोनदा, आधी अधिक मग निज. त्यासाठी वेगळी खूण लागते. बरं तेवढ्यावर भागत नाही, तिथीची वृद्धी झाली की लागोपाठ दोन दिवशी सूर्योदयाला तीच तिथी, आणि क्षय झाला की एक तिथी कुठल्याच सूर्योदयाला नाही. वजाबाकी तर विसराच.

शके वर्षाचंही दोन प्रकारचं. आपलं पंचांगातलं गुढीपाडव्याला बदलतं, २०२४ ला ९ एप्रिल, २०२५ ला ३० मार्च. सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू आहे, तिचं वर्ष २२ मार्चला बदलतं, लीप वर्षात २१ मार्चला. म्हणजे मधल्या काही दिवसांत एकाच दिवसाचे दोन शके. ‘इसवी सनातून ७८ वजा करा’ हे सूत्र जानेवारीपासून नवीन शके लागेपर्यंत तर चालतच नाही, तिथं ७९. विक्रम संवत आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बदलतं, ते आणखी वेगळं. माझी पद्धत अशी, आतमध्ये तुलना, सॉर्ट, वजाबाकी सगळं इंग्रजी तारखेवर, तिथी आणि शके फक्त दाखवायला, आणि ते पंचांगाच्या तक्त्यातून.

जुना_हात:
दोन आकडी वर्षाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून थोडक्यात लिहितो. २००० च्या आधी ‘९९’ आणि ‘००’ ताडण्यासाठी आम्ही कोबोल या जुन्या भाषेतल्या हजारो ओळी उपसल्या आहेत. तरी आजही फॉर्मवर दोन आकडी वर्ष दिसतं. ‘६९’ लिहिलं तर मायएसक्यूएल २०६९ धरतं, पायथॉन १९६९ धरतं. ‘३५’ लिहिलं तर ते दोघं २०३५ आणि जुन्या सेटिंगवरचं एक्सेल १९३५. एकच फाइल तीन ठिकाणी गेली की कर्जाचा शेवटचा हप्ता कर्ज घ्यायच्या आधीच संपलेला. वर्ष चार आकडी, यात तडजोड नको.

आणि ज्यांच्याकडे जुनी ३२ बिटची सिस्टिम आहे त्यांनी १९ जानेवारी २०३८ लक्षात ठेवा. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजता मोजता त्या दिवशी आपल्याकडे सकाळी ८:४४:०७ ला आकडा भरतो आणि पुढच्या सेकंदाला १९०१ मध्ये जातो. लांब वाटतंय पण आज २० वर्षांचं गृहकर्ज टाकलं तर शेवटची तारीख त्याच्या पलीकडे आहे, म्हणजे तुलना आजच चुकणार.

ताळेबंद:
वयाबद्दल विचारायचं होतं. ३६५ ने भागून वय काढलेलं मी खूप ठिकाणी बघते, वाढदिवसाच्या चार-पाच दिवस आधीच १८ पूर्ण दाखवतं. ३६५.२५ ने भागलं तरी कडेच्या दिवसांना चुकतं.

सातपूरकर:
ताई, भागाकार नकोच. वर्षांची वजाबाकी करायची आणि या वर्षीचा वाढदिवस अजून आला नसेल तर एक कमी करायचा, म्हणजे (महिना, दिवस) ची जोडी ताडायची. राहतो प्रश्न २९ फेब्रुवारीचा. २९ फेब्रुवारी २००८ ला जन्मलेलं मूल २०२६ मध्ये १८ कधी पूर्ण करतं? जोडी ताडली तर १ मार्चला. जावाच्या लोकल-डेटमध्ये १८ वर्षं मिळवली तर २८ फेब्रुवारी येते. पायथॉनमध्ये रिप्लेस करून २०२६ घातलं तर एररच येतो. एकाच सिस्टिममध्ये एका ठिकाणी जोडी आणि दुसऱ्या ठिकाणी मिळवणं असं असेल तर २८ तारखेला दोन स्क्रीन दोन उत्तरं देतात. इथं प्रोग्रॅमरने स्वतः ठरवायचं नाही, ज्यांचा नियम आहे त्यांना लेखी विचारायचं. काही ठिकाणी फरक पडतच नाही, मतदार यादीसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या अर्हता तारखा आहेत, तिथं २८ फेब्रुवारी काय आणि १ मार्च काय, दोन्ही १ एप्रिलच्या आधीच.

मखमलाबादकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी बसून बघितलं, निफाडलाइन म्हणाले तसं मराठी आकड्यांतल्या नोंदी निघाल्याच, एकाच प्लॉटच्या दोन फवारण्या दोन लिप्यांत. आता आत घेतानाच बदलतो.

‘वर्ष’ कॉलम काढून टाकला. हंगाम तारखेतून काढायचा ठरवला. पण एक अडचण राहिली. आर्थिक वर्षासारखा एकच दिवस धरता येत नाही, कारण खरड छाटणी एप्रिलमध्ये होते आणि ती पुढच्या हंगामाची तयारी असते, त्याच एप्रिलमध्ये दुसऱ्या कुणाचा उशिराचा खुडा अजून चालू असतो, तो मागच्या हंगामाचा. तारीख एकच, हंगाम दोन. आणि सटाण्याकडचे अर्ली वाले तर छाटणीच खूप आधी घेतात, त्यांचा माल डिसेंबरच्या आत निघतो, त्यांचं सगळं गणितच वेगळं.

सातपूरकर:
मग हंगाम तारखेवर नाही, प्लॉटवर आहे. प्रत्येक प्लॉटच्या प्रत्येक हंगामाला एक ओळ करा, सुरुवात म्हणजे त्या प्लॉटच्या खरड छाटणीची तारीख. शेवट वेगळा ठेवू नका, त्याच प्लॉटची पुढची खरड छाटणी हाच शेवट. कुठलीही नोंद आली की त्या प्लॉटची सुरुवात <= नोंदीची तारीख < पुढची सुरुवात, ज्या ओळीत बसेल तो हंगाम. सय्यदपिंप्रींनी क्वेरीसाठी सांगितलं तेच. ‘२०२३-२४’ हे नुसतं त्या ओळीचं नाव, त्याच्याशी तुलना कुठेच करायची नाही.

मखमलाबादकर:
हे बसतंय. अर्लीवाल्यांचंही यातच बसतं. टेस्टसाठी तारखा काढल्यात, ३१ डिसेंबर, १ जानेवारी, २८ आणि २९ फेब्रुवारी, ३१ मार्च, १ एप्रिल, शिवाय ३० डिसेंबर २०२४. प्रत्येक तारखेला रात्री १२:०५ आणि पहाटे ५:२५ अशी एकेक नोंद. आणखी काही घालायचं?

पहाटेची_पाळी:
पहाटे ५:३५ ची पण घाला, ५:२५ आणि ५:३५ ला वेगळा दिवस आला तर सर्व्हर यूटीसीवर आहे हे लगेच कळेल.

निफाडलाइन:
आणि एक तारीख अशी जिच्यात दिवस मराठी आकड्यांत आणि वर्ष इंग्रजी आकड्यांत आहे. आमच्याकडे तशा पण आल्यात.